राजेळीचा घड व साडेपाच तासांचा फरक

जबाब
दि. २४/०४/२०२५

मी, कुशल बळीराम चुरी, वय ३१ वर्षे, धंदा नोकरी (संगणक प्रोग्रामर), राहणार उमेळे, ता. वसई, जि. पालघर, समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी वडील बळीराम व आई यशोदा यांच्यासह राहतो. घरामागे आमची केळीची वाडी आहे. मी एका खाजगी कंपनीत कामाला असून आठवड्यातून तीन दिवस घरूनच काम करतो. प्रोग्राममधील तारखा व वेळा चुकू न देणे हे माझे काम आहे. हे शेवटचे वाक्य वगळावे अशी मी विनंती केली, परंतु धंदा पूर्ण सांगावा लागतो असे हवालदारसाहेब म्हणाले.

आमच्या वाडीला लागून दयाराम किणी, वय ६२, यांची वाडी आहे. मधल्या बांधावरून त्यांचे व माझ्या वडिलांचे तीन वर्षांपासून बोलणे बंद आहे. बांध वीतभर सरकला असे वडील म्हणतात. दयारामकाका म्हणतात, सरकलाच असेल तर माझ्याकडे सरकला. दोघांपैकी कोणीही मोजणी बोलावलेली नाही. मोजणी झाली तर भांडायला काही उरणार नाही, ही दोघांनाही भीती असावी.

मंगळवार दि. २२ रोजी वाडीतील राजेळी केळीचा एक तयार घड कापून नेल्याचे संध्याकाळी वडिलांच्या लक्षात आले. आमच्याकडे आता राजेळीची चारच झाडे उरली आहेत. हा घड त्यांनी सुकेळी, म्हणजे उन्हात सुकवलेली केळी, करण्यासाठी राखला होता व वटवाघळे लागू नयेत म्हणून त्याला गोणपाट बांधले होते. वाडीत मी स्वतः बसवलेला कॅमेरा आहे. समोर काही हलले की तो फोटो काढतो व माझा प्रोग्राम त्यावर तारीख आणि वेळ छापतो. वडिलांनी फोनवर फोटो पाहिला. त्यात एक व्यक्ती पाठमोरी दिसते. अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला टॉवेल, खांद्यावर घड; कमरेपासून पोटऱ्यांपर्यंतचा भाग केळीच्या पानांआड. फोटोवर सकाळचे ७ वाजून १० मिनिटे झालेली आहेत.

दयारामकाका रोज सकाळी सात-दहाला त्याच बांधावरून देवळात जातात, हे आमच्या आळीत सर्वांना माहीत आहे. वडील तडक त्यांच्या घरी गेले. घड पडवीत गोणपाटासकट टांगलेला होता. वडील म्हणाले, "हा माजा घड हाय." काका म्हणाले, "तुजाच हाय. पण मी चोरला नाय." मग इथे कसा आला, असे विचारल्यावर ते म्हणाले, "ते मी सांगणार नाय, शब्द दिलाय."

वडिलांनी घरी याबाबत चकार शब्द काढला नाही. काल बँकेत जातो असे सांगून निघाले व येथे येऊन तक्रार दिली. मला हे आज सकाळी दयारामकाकांची मुलगी नेत्रा हिच्या फोनवरून समजले. काकांना चौकशीसाठी बोलावले असून ते सकाळपासून उपाशी बसले आहेत, घड कोणी दिला ते बाबाही सांगत नाहीत आणि आईही सांगत नाही, असे ती म्हणाली. सदर नेत्रा हिला मी कसा ओळखतो, असे विचारता सांगतो की, ओळख आहे. किती, असे विचारता, चार वर्षे. वडिलांना माहीत आहे काय, असे विचारता, नाही. ती फोनवर रडत होती. "कुशल, बाबा चोर म्हणून घरी आले तर आपलं संपलं," असे ती म्हणाली. मी जेवणही न करता निघालो.

मी मूळ फोटो सोबत आणला आहे. तो नीट पाहिला असता व्यक्तीची सावली तिच्या पायाखाली दिसते. एप्रिल महिन्यात सकाळी सात-दहाला सावली बांध ओलांडून जाते. पायाखाली येते ती भर दुपारी. म्हणजे फोटोवरील वेळ चुकीची आहे व ती चूक माझी आहे.

चूक अशी की, संगणकात वेळ साठवताना सर्व जगाचे एकच घड्याळ धरतात. त्याला युटीसी म्हणतात. आपले घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. लोकांना वेळ दाखवताना साडेपाच तास मिळवायचे असतात. ते मी मिळवले नाहीत. हे एका ओळीचे काम आहे. कंपनीत नवीन मुलांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो, त्यामुळे सांगताना मला फार लाज वाटते. सबब फोटोवरील ७.१० म्हणजे आपले दुपारचे १२.४०.

लंडनची वेळ उमेळ्यात कोणी आणली, असे विचारता सांगतो की, मी आणली. वास्तविक सध्या ती लंडनचीही वेळ नाही, कारण उन्हाळ्यात लंडनवाले घड्याळ एक तास पुढे करतात. ते तसे का करतात, हे मला समाधानकारक सांगता आले नाही. येथे हवालदारसाहेबांनी लिहिणे थांबवून चहा मागवला.

ही चूक पूर्वी लक्षात का आली नाही, असे विचारता सांगतो की, वडील रोज सकाळी साडेसहाला वाडीत पाणी सोडतात. फोटोत ते रात्री एक वाजता पाणी सोडत होते. हे त्यांनी मला जानेवारीत दाखवले होते. मी त्यांना चष्मा बदलायला सांगितले. त्यांनी बदलला. नवीन चष्म्यातूनही एकच वाजला होता.

दि. २२ रोजी दुपारी बारा ते दोन दयारामकाका वसईत दाताच्या दवाखान्यात होते. डॉक्टरांची चिठ्ठी त्यांच्या खिशात आहे. ती त्यांना कोणी मागितली नाही, कारण सर्वजण सकाळचे विचारत होते.

मग फोटोतील व्यक्ती कोण, असे विचारून हवालदारसाहेबांनी फोटो मोठा केला. शर्टाच्या पाठीवर माझ्या जुन्या कंपनीचे नाव आहे. शर्ट माझा आहे. त्या वेळी मी माडीवर मीटिंगमध्ये होतो, हे माझे चार सहकारी सांगतील. यानंतर मी फोटो पुन्हा पाहत राहिलो. किती वेळ, असे विचारता, अंदाजे चार मिनिटे. माझे जुने शर्ट आई वाडीत काम करताना साडीवर घालते. फोटोत शर्टाखाली पानांच्या फटीतून साडीचा हिरवा काठ दिसतो. वडील दुपारी बारा ते दोन झोपतात व घरातले बहुतेक निर्णय त्याच वेळेत होतात.

हवालदारसाहेबांच्या सांगण्यावरून मी आईला स्पीकरवर फोन केला. ती म्हणाली, "हो, मीच नेला. पोराचं मागणं घालायला रिकाम्या हातानं जाऊ? तुजे बाबा काय या जन्मात बांध ओलांडणार नाय. दयारामभाऊंच्या घरी सांगून ठेवलंय, यांच्या कानावर मीच घालीन म्हणून." तिला तक्रारीबद्दल काहीच माहीत नव्हते. सांगितल्यावर तिने फोन बंद केला.

हवालदारसाहेबांचा आवाज मोठा आहे. ते हा जबाब मला वाचून दाखवत असताना तक्रारदार म्हणून बोलावलेल्या व बाहेरच्या बाकावर बसलेल्या वडिलांनी तो ऐकला. ते आत आले. त्यांनी चष्मा पुसून फोटो बराच वेळ पाहिला. माझ्याकडे पाहिले नाही. मग हवालदारसाहेबांना म्हणाले, "ती तक्रार फाडा. नवीन लिवा. घड चोरीला गेला नाय. मीच दिला दयारामला, पोराच्या मागण्याचा." किती वाजता दिला, असे साहेबांनी विचारता वडील म्हणाले, "बारा चाळीसला."

त्या वेळी वडील घोरत होते हे मला माहीत आहे.

येणेप्रमाणे माझा जबाब अथपासून इतिपर्यंत मला वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच उतरला आहे. त्यातील सर्व वेळा, वडिलांनी सांगितलेल्या वेळेसह, मला मान्य आहेत.

सही/-
कुशल बळीराम चुरी