फुलाचे सरगुंडे

हॅलो?… हॅलो, कोण, बेबी?… हो, मी बाबाच बोलून राह्यलो, मंगरूळच्या पोस्टातून… तब्येत चांगली हाय वं. फोनचा निरोप आला तसा निघालो… चप्पल? घातली ना. एक तुह्या आईची हाय, ते सोड.

फुला? हे काय, माह्या धोतराले धरून उभी हाय… सुट्टी मजेत चालली तिची.

काय?… शाळेतून नाव काढता? तुह्या पोरीचं?… कोण म्हणते, जावाई, दौलतराव?… अवं, थांब जरा. चौथीतली पोरगी, नाव काहून काढता?… अक्षर?… हो, गचाळ हाय, मी कुठं नाही म्हणतो? ‘क’ उलटा काढते, ओळ सोडून खाली उतरते, पेन्सिलीचं टोक रोज मोडते… हो, हो… पण मठ्ठ नाही वं! परवा मी गोष्ट वाचून दाखवली, तर तिनं ती अख्खी तुह्या आईले सांगतली. माह्या चुकाइसकट.

अवं, आईक ना… मले वाटते… म्हणजे मी काही डॉक्टर नाही, चुकत बी असन… पण तिचं डोकं धावते अन् बोटं मागं राह्यतात. असतात अशी लेकरं, वाचलं मी… इंग्रजी पुस्तक होतं. अर्धंच समजलं… हास, हास! जन्म वाचनालयात गेला अन् बापाले अर्धंच समजते.

मंग काय, सरगुंडे!… खायाचे नाही, करायचे. शेजारच्या रुपाबाईच्या पोरीचं लग्न हाय ना, त्याचे सरगुंडे वळायले आपल्याच ओसरीवर बायका बसतात. बोटाइले वळण लागावं म्हणून त्यायच्यात फुलाले बसवलं. कणकेची बारीक वात वळायची, काडीवर गुंडाळायची, अलगद सरकवून काढायची… तुटत होती ना! रडली बी. म्हणून मीही बसलो… हो, बायकाइत… हसतीन नाही तर काय? रुपाबाईनं माह्ये सरगुंडे वेगळ्या ताटात ठेवले, वऱ्हाड्याइले दिसू नये म्हणून… फुलाचे? फुलाचे लग्नाच्या ताटात जातात आता. वाकडे हायेत, पण जातात.

नाही, अक्षर सुधारलं असं खोटं नाही सांगत. पण पेन्सिल आवळून नाही धरत आता. काल पाटीभर लिहिलं, हात नाही झटकला… ‘क’? ‘क’ अजून उलटाच हाय.

दौलतराव तिथंच हायेत?… नको, नको, मी काय बोलू त्याईले… दिला बी?

नमस्कार, जावाईबापू… हो… खरं हाय, पोरं हसतात तिले… मास्तर छडी मारते? बोटावर?… मंग बोटं चालतीन कशी?… नाही, तुमाले नाही बोललो, माफ करा… काय म्हणता?… तुमच्या बी बोटावर?… अक्षरापायी?… म्हणून शाळा सोडली?… आमाले कोणी सांगतलं नाही… बेबीले बी माहीत नाही? ती तुमच्या बाजूलेच उभी हाय ना? मंग झालं आता माहीत.

हॅलो?… हो, हाय मी… वेळ झाली? आणखी द्या, ऑपरेटरबाई, आणखी द्या…

जावाईबापू, तुमाले ओसरीवर घेऊन कोणी बसलं नाही. तिले हायेत ना माणसं. नाव राहू द्या तिचं. मास्तरले भेटा. म्हणा, धडा तोंडी विचारा, लिहायले जास्त वेळ द्या, छडी बाजूले ठेवा… मी? मास्तरसमोर माह्या तोंडातून शब्द निघत नाही. तुमचा आवाज तर भाजीबाजारातून स्टेशनापर्यंत जाते म्हणतात…

जाता?… शाळा उघडल्याबरोबर?… अन् नाव राह्यते तिचं?… नक्की ना?

नाही, मी नाही सांगत. तुमीच सांगा तिले. फुला, घे, तुह्ये बाबा हायेत. कानाले लाव… भेऊ नको.

…फुला, मान काय हलवतं? त्याईले अकोल्यात दिसत नाही. तोंडानं हो म्हण… जोरानं… म्हटलं? बरं, ठेव आता… अजून बोलून राह्यले? मंग आईक, बाई, आईक. मी बाहेर उभा राह्यतो.