तीनदा वाढलेली कांदा-कैरी

— न्हाई न्हाई, किसायची न्हाई ताई. किसली की पानी सुटतं अन् मग त्याचा लगदा हुतो. अशी इळीवर बारीक चिरायची. बसा की त्या पाटावर, धूर तिकडं येत न्हाई. कैरी कवळीच पायजे, आतली कोय दातानं तुटंल अशी. कांदा कैरीच्या बरुबरीनं. मीठ, चटनी — तुमी लाल तिखट म्हनता, आमी चटनी म्हनतो — अन् गूळ. गूळ हातानंच कुस्करायचा. मग तेलात जिरं-मोहरी तडतडली की ती फोडनी वरनं वतायची, झालं. त्यात शिकवायचं काय हाय? आमच्याकडं, कवठ्याच्या बाजूला दुष्काळी मुलखात, उन्हाळ्यात भाजी कुठली मिळायला — कांदा अन् झाडाची कैरी, एवढंच घरात असायचं. संगं ताकातल्या कण्या. जोंधळा भरडायचा, शिजवायचा, गार झाला की ताक वतायचं. दुपारचं पोटाला थंड वाटतं. आज जेवला तेच की तुमी. ह्या घरच्या वैनी ताटात लय वाट्या मांडत्यात, पर लोक मागून खात्यात ह्या दोनच.

मी? मी हितली न्हवं. आमी मेंढरवाली मानसं. मालक — माजा नवरा, केरबा नाव त्यांचं — ऊस तुटला की मेंढरं घेऊन इकडं इस्लामपूरच्या बाजूला येत्यात, रानात खतासाठी बसवायला. ह्या जयराजदादांच्या रानात लय वर्सं बसवलीत. माजं गुडघं गेलं, कळपामागं चालवंना, तवा वैनी म्हनल्या, मंगल, आमी शहरातल्या लोकांसाठी चुलीवरचं जेवान सुरू करतोय, तू कर. म्हनून उन्हाळाभर मी हितं. पोराला सांगितलं न्हाई — एकच हाय, पुन्यात इंजनेर — त्याला वाटायचं, आई दुसऱ्याच्या चुलीम्होरं बसली. लय मनाला लावून घेतंय ते. दर रविवारी फोन करतंय, चुकत न्हाई. आई जेवलीस का, आई गोळी खाल्लीस का. मी आपली म्हनते, घरीच हाय रं, कोंबड्या राखत बसलीया.

पर तुमाला कशाला पायजे शिकायला? — आं? — त्या निळ्या शर्टवाल्यासाठी?

व्हय, आवडली त्याला. तीनदा घेतली. मीच वाढली न्हवं का. पयल्यांदा वाढाया गेले तवा त्यानं वर बघितलं, अन् लगीच खाली बघितलं. दुसऱ्यांदा म्हनला, मावशी, अजून थोडी. तिसऱ्यांदा मी ताटापाशी जरा थांबले, तर वाटी म्होरं धरली नुस्ती, वर बघितलंच न्हाई. मला वाटलं चार लोकांत बावचळला आसंल, हात धुवायला उठंल तवा मागल्या दारानं आत यील. मी पदर नीट करून उभी ऱ्हायले हितं दारामागं. हात धुतलं अन् गेला खुर्चीवर बसायला — न्हाई वो, वळख कुठली. असंच बोलले. पाव्हनं सगळे मावशीच म्हनत्यात, त्यात काय.

लगीन ठरलंय तुमचं? त्याच्यासंगं? कवा? — दिवाळीनंतर. बरं. चांगलं झालं. उंच हाय, तुमाला शोभतोय. नाव काय म्हनला तुमचं? शिवांजली. चांगलं हाय. — न्हाई, काय झालं न्हाई, ती कळशी सरकवा जरा इकडं, पानी पिते.

अन् त्याच्या घरी कोन कोन असत्यात? — त्याची आई करायची म्हनला? अशीच, हुबेहूब? — करायची म्हंजी? आता करत न्हाई व्हय?

वारली.

कवा वारली म्हनं? — त्यो सातवीत असताना. कशानं, ते सांगितलं का? — तापानं. अन् बाप? — बापबी न्हाई. मामानं वाढवला. सांगलीत मास्तर हाय मामा. — न्हाई, थांबा, उठू नका, बसा. सांगा की. घरात फोटो हाय का आईचा? — एकबी न्हाई म्हनला. व्हय, फोटो कुठनं असायचा.

तापाचं खरं हाय बरं का. सातवीत ताप आला व्हता, पर त्याला आला व्हता. आठ दीस अन्नाला शिवला न्हाई. दवाखान्यातनं आनला, भात दिला, दूध दिलं, सगळं वकलं. मग कैरी चिरली, गूळ घातला, बोटानं जिबंवर ठेवली, तवा पयला घास गिळला त्यानं. मामा काय त्याला न्हाई. मला भाऊ न्हाई पोरी, बहीनबी न्हाई. मग मामा आनला कुठनं, अन् मी मावशी कुनाची?

अर्जुना नाव त्याचं. तुमी अर्जुन म्हनत असाल. माजा ल्योक हाय त्यो.

अन् बाप बघायचाय? ह्या खिडकीतनं बघ. बांधाच्या पल्याड, बाभळीखाली मेंढरं बसलीत न्हवं — त्यो पांढऱ्या पटक्याचा. येताना तुमची गाडी थांबली आसंल की मेंढरांसाठी, वाट एकच हाय. गाडी कोन चालवत व्हतं? — त्योच. काच खाली केली का त्यानं? — हॉर्न वाजवला. व्हय, ऐकला मी हॉर्न. मालक हात हलवून मेंढरं बाजूला घेत व्हते, तेबी बघितलं मी हितनं. त्यास्नी लांबचं दिसत न्हाई आता, गाडीत कोन हाय ते कळलं नसंल. ते एक बरं झालं.

लाज वाटली आसंल त्याला. वाटू दे की. मला म्हनला असता, आई, तू लग्नाला मागं बस, कुनासंगं बोलू नको, तर मी मागं बसले असते. येऊ नको म्हनला असता तरी घरीच अक्षता टाकल्या असत्या. पर मारून कशाला टाकायचं? अन् मारलं ते मारलं, वर दर रविवारी फोन — आई जेवलीस का. कुनाला इचारत व्हता त्यो? मी दीसभर फोन पदराला बांधून हिंडते, रेंज यील तिथं उभी ऱ्हाते — मेलेल्या मानसाला असं कोन करायला लावतं?

रडू नको. त्वांड पूस. न्हाई, सांगू नको असं मी म्हननार न्हाई. आजवर त्याचं सगळं झाकलं, पर ह्ये झाकायचं माज्याच्यानं हुनार न्हाई. लगीन कर, मोड, तुजं तू बघ, तू शिकलेली हायस. मला त्यातलं इचारू नको —

कोन हाय दारात?

या सायब. ह्यास्नी हुडकत आला व्हय. हितंच हाईत, कांदा-कैरी शिकत व्हत्या.

काय म्हनला? — न्हाई सायब, आई न्हाई हितं. ती तापानं गेली, तुमी सातवीत व्हता तवा. मलाबी आत्ताच कळलं. — हात सोडा. सोडा म्हनते न्हवं.

पोरी, तुजा मोबाईल ऱ्हातोय पाटावर. घे, अन् व्हा भाईर दोगं. मला चूल सारवायची हाय.