सातव्या दिवसाची तक्रार

"लिफ्टपाशी कोण काय बोलतं, ते ऐकत जा आणि मला सांगत जा," असं साहेबांनी स्वागतकक्षातल्या बाईंना बजावलं होतं. आज लिफ्टपाशी तक्रार विभागातल्या दोघी उभ्या होत्या, एक थोरली, एक धाकटी.

"ताई, त्या आजींची तक्रार बंद कर ना. सात दिवस झाले की बंद, साहेबांचा हुकूमच आहे."

"आजी घरात एकट्या असतात गं. आपल्या कंपनीचं ते फोनवर चालणारं कुलूप अडकतं. परवा दोन तास आत कोंडल्या होत्या."

"मग दुरुस्तीवाला पाठव."

"होते सहा. पाचांना विक्रीला जुंपलं, सहावा कंटाळून गेला."

"साहेब म्हणतात, कंपनीची घोडदौड चाललीय."

"घोडा धावतोय, पण नाल कोण ठोकणार?"

"नोकरी जाईल तुझी!"

"जाऊ दे. आजींचं कुलूप अडकत असताना 'तक्रार निकाली' असं मी लिहायची नाही. साहेबांनी आधी स्वतःच्या आईच्या दाराला लावावं हे कुलूप."

"हळू! बाई ऐकतायत."

"ऐकू देत. बाई, सांगाल तेव्हा एक शब्दही गाळू नका हं."

बाईंनी बाहेर जाणाऱ्यांची नोंदवही पुढे ओढली.

"बाहेर जाण्याचं कारण काय लिहू?"

"आजींचं कुलूप काढायला. आठवड्याच्या आत येते म्हणून शब्द दिलाय त्यांना."

बाईंनी ते ठळक अक्षरांत लिहिलं. ताईंनी पिशवीतला स्क्रूड्रायव्हर चाचपला आणि लिफ्टची वाट न पाहता त्या जिना उतरू लागल्या.