पायरीवरचा आवाज

हॅलो?… हॅलो, कोण?… अगंबाई, नणंदबाई! भिंगरे, आज कशी काय वाट चुकलीस?… थांब, गॅस बारीक करते, दूध ठेवलंय. हं, बोल आता.

आवाज एवढा दबका का गं? ऑफिसात आहेस?… बरं बाई, नको सांगूस.

हो, घरीच आहेत सगळे. तुझा दादा आतल्या खोलीत लोळतोय, आई अंघोळीला गेल्यात आणि बाबा ड्यूटीवर.

अगं, ड्यूटीच म्हणायची! तुला कुठून माहीत असणार? दारावर नवी बेल बसवलीय, कॅमेऱ्याची. बाहेरचा माणूस आत फोनवर दिसतो, तो बोलला की ऐकू येतं, आपण बटण दाबून बोललो की बाहेर त्याला ऐकू जातं.

दुसरं कोण बसवणार? तुझा दादा. आणि फायदा असल्याशिवाय तुझा दादा खिळा तरी ठोकतो का? सगळा हिशेब आधी मांडला त्याने. सुट्टीच्या दिवशी अंथरुणातून उठायला नको. विकायला येणाऱ्यांना पडल्यापडल्या वाटेला लावता येईल. शेजारी शिडी परत मागायला आला, तर 'घरी कुणी नाही' हे घरात बसून सांगता येईल. नफाच नफा!

हो ना! पहिल्याच दिवशी सांगितलं की. स्वतःच्या तोंडाने, 'मी घरी नाहीये.' शेजारी बिचारा म्हणाला, 'बरं, आलात की सांगा.'

नाही गं, बाबांकडे नंतर आलं ते. चार दिवसांत दादाला त्याचाही कंटाळा आला. जुना फोन काढला, बाबांच्या हातात ठेवला, कानांवर हे एवढाले हेडफोन चढवले आणि म्हणाला, 'बाबा, आजपासून पहारा तुमचा.'

लावले म्हणजे काय, काढतच नाहीत! जेवतानासुद्धा नाही… अगं ऐक ना, तू आणलेलं ते कानातलं मशीन म्हणजे म्हातारपण. ते गेलं कपाटात. आणि हे म्हणजे हुद्दा! इतक्या वर्षांत ही गोष्ट आपल्या एकीच्याही डोक्यात आली नाही बघ.

येतं म्हणजे? अगं, काय ऐकू येतं म्हणून सांगू! पहिल्या संध्याकाळी आई कचरा ठेवायला बाहेर गेल्या. येताना पायरीवर चप्पल झटकली. तर बाबा खुर्चीत ताठ! म्हणाले, 'हिची चप्पल.' मग आई तिथे स्वतःशीच पुटपुटल्या काहीतरी. बाबा माझ्याकडे बघून विचारतात, 'हिचा गुडघा दुखतो? कधीपासून?' बाई वर्षभर रोज कानीकपाळी ओरडतेय!

मग काय, आईंनी ओळखलं. आता महत्त्वाचं काही बोलायचं असलं की चप्पल घालतात, बाहेर जातात, दार ओढून घेतात आणि बेल दाबतात. नवरा आत, बायको बाहेर, आणि संसार चाललाय झकास. परवा तर पायरीवर उभ्या राहून त्यांना काय म्हणाल्या… नाही, ते नाही सांगणार. मी ऐकलंच नाही. ऐकलं, पण सांगणार नाही.

तुझा दादा म्हणतो, वाऱ्याचा, गाड्यांचा आवाज ते यंत्र गाळून टाकतं. चहासारखं. चोथा वर, माणसाचं बोलणं तेवढं खाली. मला त्यातलं काही कळत नाही. पण परवा पायरीवर चिमणी पंख झाडत होती, तर बाबा हळूच म्हणाले, 'अजून येतात तर या.' मी कांदा चिरत होते म्हणून निभावलं.

बोलतात की! अगं, तीच तर खरी मजा. बसस्थानकावर जन्मभर घोषणा केलेला माणूस तो, हातात माइक आल्यावर सोडेल? कुरिअरवाला आला की खणखणीत आवाजात, 'कृपया लक्ष द्या. पार्सल पायरीवर ठेवून एक पाऊल मागे सरकावे.' तो पोरगा खरंच मागे सरकतो! आता रोज नमस्कार घालून जातो बेलला.

थांब जरा… तुझ्याकडे कुणाची स्कूटर सुरू होत नाहीये का? आमच्या शेजाऱ्याचीही अगदी अशीच रडते, आत्तासुद्धा… असो, सगळीकडे एकच तऱ्हा.

काय हो बाबा?… काही नाही गं. म्हणतायत, चित्रात कुणी दिसत नाही, पण कुणीतरी बोलतंय… असेल हो बाबा रस्त्यावरचं कुणी!… छे, कसले ऐकतायत. दोन्ही हातांनी हेडफोन दाबून धरलेत. इथून दिसतायत मला.

हं, आता नीट ऐक. बरं झालं तू फोन केलास, नाहीतर मीच करणार होते… त्या दिवसाबद्दल. त्या कानातल्या मशीनवरून तू माफी मागायला आली होतीस ना?… हो, माहितीये. मी दाराआड होते, तुझा शब्दन् शब्द ऐकलाय मी. एवढं बोललीस, आणि शेवटी बाबा काय म्हणाले? 'हं. बरं. निघ मग.'

रडू नकोस… अगं ऐक तर! त्यांना त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नव्हतं गं!

कालच बोलले माझ्याशी. स्वतःहून. तू मांडीवर पिशवी धरून बसली होतीस आणि सारखी घड्याळाकडे बघत होतीस. त्यांना वाटलं, तू बसची वेळ सांगतेयस. जन्मभर लोकांना बस सुटायची आठवण करून दिली, तसंच तुलाही सांगितलं. पोरीची बस चुकू नये म्हणून 'निघ मग' म्हणाले गं ते!

कसं विचारतील? 'काय म्हणालीस?' असं विचारलं, की ऐकू येत नाही हे कबूल झालं. आणि ते तर तू चारचौघांसमोर मशीन हातात ठेवून आधीच जाहीर केलेलं. मग गप्प. तू फोन केलास की मुकाट्याने आईंच्या हातात. तू समजलीस राग, ते समजले तुझा राग. दोन वर्षं फुकट!

म्हटलं ना मी! हेडफोनला तुझा फोन जोडून देते म्हटलं. तर नाही म्हणाले. 'ती निघाली दारातून. आता दारात येऊन बेल वाजवेल, तर बोलेन.' तू कुणावर गेलीस ते कळतंय ना?

नाही म्हणणार गं 'निघ'… आणि म्हणाले तर मी आहे ना!… बरं, काय बोलायचं ते सुचत नाही? मग माझ्यासमोर म्हणून बघ. समज, मीच बाबा. हं, बोल… हं…

हं…

अगं, हे तू त्यांना कधी सांगितलंच नाहीस?… म्हणजे लहानपणी स्टँडवर त्यांचा आवाज ऐकायला तू शाळा बुडवून… हं… बोल, बोल, थांबू नकोस…

अगं… एक मिनिट. बाबा रडतायत. बाबा? काय झालं? कुठे दुखतंय का?… हात करतायत, गप्प बस म्हणून. फोन तोंडाजवळ घेतलाय. बटण दाबलं. कुणाशी बोलतायत हे, दारात तर कुणी…

'कृपया लक्ष द्या. दोन वर्षं उशिराने धावणारी आमची भिंगरी पायरीवर येऊन थांबलेली आहे…'

अगं, बाबांचा आवाज तुझ्या फोनमधून कसा येतोय? दोनदा येतोय! एकदा खोलीतून, एकदा तुझ्याकडून… भिंगरे! कुठे बसलीयस तू?

बेलच्या खाली? पायरीवर?… कधीपासून?… आणि वाजवायचा धीर होईना म्हणून मला फोन? म्हणजे तू हळू आवाजात बोललीस ते सगळं… अगं देवा! इतकं दबकं बोललेलं, भिंतीला चिकटून, तेसुद्धा त्यांनी… शब्दन् शब्द?… आणि माझं? माझं नाही ना गेलं त्यांच्या कानात? नाही, मी आत. सुटले.

अहो! अहो, उठा, दार उघडा! तुमची बहीण पायरीवर बसलीय!… काय सांगू तुला, हा माणूस फोनवर कडी काढायचं बटण शोधतोय… अगं, बाबाच उठले! हेडफोनची वायर… कप! गेला कप. जाऊ दे, काचेवरून नका जाऊ, बाबा!… निघाले. दारापाशी पोचले.

अगंबाई, दूध!… गेलं. सगळं उतू गेलं.

हॅलो? भिंगरे?… फोन तसाच चालू ठेवलास? हॅलो?… दोघं एकदम बोलतायत. आणि बाबांच्या कानांवर काहीच नाही, हेडफोन तर इथे जमिनीवर पडलेत… काय कळतंय त्यांना कोण जाणे. पण 'हं, बरं' म्हणत नाहीयेत. 'काय म्हणालीस?' म्हणतायत! पुन्हा विचारतायत! ऐकलंत का हो?

चला, ठेवते बाई मी. बाबांना लेक मिळाली, लेकीला बाबा मिळाले, आणि बाबा 'काय म्हणालीस?' विचारायला लागले, म्हणजे आईंना आता बाहेर जाऊन बोलावं लागणार नाही. उठायला नको म्हणून ज्यानं बेल बसवली, त्याच्याच माथी सगळं आलं. अहो, उठा! चहाला दूध नाही घरात. पिशवी घ्या, मागच्या दाराने जा, त्या दोघांच्या मधून जाऊ नका. आणि जाताजाता शेजाऱ्याची शिडी देऊन या.