पिठाचा खोकला

भट्टीवाली: मी खोटं कशाला सांगू? माझ्या या कानांनी ऐकलं. आतून एक बाई बोलली, "दीर्घ श्वास घ्या. श्वास रोखून धरा." म्हणून तर मी दारावर धडका मारल्या. मेलेल्या माणसाला कोण श्वास घ्या म्हणतं?

डॉक्टर: कुणीच नाही, मावशी. तो स्कॅनच्या यंत्राचा आवाज. जिवंत माणसाच्या छातीचा स्कॅन असला की लागतो, मृतदेह असला की बंद करायचा असतो. मी रोज नुसते फोटो वाचते, बटणं आमचा यंत्रवाला दाबतो. तो आज रजेवर. मी दाबली, आणि आवाज बंद करायचा राहून गेला. चूक माझी. माफ करा.

भट्टीवाली: घटकाभर वाटलं, हे उठून बसले.

डॉक्टर: बसा तुम्ही. पाणी देते.

भट्टीवाली: पाणी राहू द्या. चिरलं नाही ना यांना?

डॉक्टर: नाही. पिशवीसुद्धा उघडली नाही. पिशवीसकट आत सरकवलं. मरणाचं कारण यंत्राला बाहेरूनच दिसतं.

भट्टीवाली: मग लिहून टाका, हृदयाचा झटका. पहाटे भट्टी पेटली नाही म्हणून बघायला गेले, तर पिठाच्या पोत्यांवर पडलेले. हातपाय गार.

डॉक्टर: खोकला होता त्यांना?

भट्टीवाली: पिठाचा. बेकरीवाल्याला असतोच. हेच म्हणायचे, पीठ सुटलं की खोकला सुटेल.

डॉक्टर: जरा या पडद्यावर बघा. काळं दिसतं ती हवा. फुप्फुस सगळं असं काळं हवं. इथे बघा, पांढरे ठिपके. झाडाच्या बारीक फांदीला कळ्या याव्यात तसे. आणि वर ही पोकळी.

भट्टीवाली: पीठ नीट मळलं नाही की पावात असं भोक पडतं.

डॉक्टर: मावशी, मला हा क्षय वाटतो. टीबी.

भट्टीवाली: हळू! आधी ते दार लोटा. आणि कागदावर लिहू नका. चाळीस वर्षांची बेकरी आहे. गावभर झालं तर आमच्या पावाला कुत्रं हुंगणार नाही.

डॉक्टर: पावातून होत नाही तो. खोकल्यातून हवेत जातो, आणि त्याच हवेत राहणाऱ्याला लागतो. घरात कोण कोण असतं?

भट्टीवाली: मी, मुलगा, सून. आणि नातू, आठ महिन्यांचा.

डॉक्टर: त्याचीच मला काळजी आहे. एवढ्याशा बाळाला लागला तर मेंदूपर्यंत चढू शकतो. आजोबांच्या अंगाखांद्यावर असायचा?

भट्टीवाली: कुठला अंगाखांद्यावर! दोन महिन्यांचा होता तेव्हापासून बोट लावलं नाही त्याला. सून रडायची. म्हणायची, माझं काही चुकलं का?

डॉक्टर: का लावलं नाही?

भट्टीवाली: रुसले होते. मी दुकानाच्या किल्ल्या मुलाच्या हातात दिल्या, यांना न विचारता. त्या आठवड्यात यांनी अंथरूण उचललं नि मागच्या कोठीत पोत्यांवर टाकलं. थंडीत दार सताड उघडं ठेवून झोपायचे. पाण्याचा पेला वेगळा केला, खिळ्याला टांगला. कुणी हात लावला की ओरडायचे. मीही काही कमी नाही. बोलणं टाकलं. जेवण सुनेच्या हाती पाठवायची, तर उंबऱ्यावर ठेवून जा म्हणायचे. म्हटलं, नाक दाबलं की तोंड उघडेल. नाही उघडलं.

डॉक्टर: मावशी, हे बघा. हा चुन्यासारखा पांढरा डाग. हा आताचा नाही, तरुणपणचा आहे. एकदा होऊन बरा झालेला.

भट्टीवाली: तरुणपणचा? लग्नाआधी वर्षभर हे मामाकडे होते. हवापालटाला, असं सासूबाई म्हणायच्या. मामाकडे कसली हवा! गिरणीच्या धुरात घर होतं त्यांचं.

डॉक्टर: मग बहुतेक औषधं घ्यायला गेले असतील.

भट्टीवाली: म्हणजे यांना ओळखीचा होता तो. खोकला सुरू झाला आणि यांनी ओळखला.

डॉक्टर: ते मी सांगू शकत नाही. फोटोत मनातलं दिसत नाही.

भट्टीवाली: तुम्हाला नसेल दिसत. मी तो पेला सहा महिने बघतेय.

(तिने पदराने पडद्याची काच पुसली. काच स्वच्छच होती.)

भट्टीवाली: गोळ्या खाल्ल्या असत्या तर?

डॉक्टर: बहुतेक बरे झाले असते.

भट्टीवाली: मूर्ख माणूस. पाव किती भाजला ते नुसत्या वासावर सांगायचा, आणि एवढं तोंडाने सांगवलं नाही! मीही मूर्खच. मला राग दिसला, कारण मला रागच बघायचा होता.

डॉक्टर: एक परवानगी हवी. बारीक सुईने थेंबभर घेते, म्हणजे पक्कं कळेल. चिरणार नाही. मग मास्क लावून चेहरा बघता येईल.

भट्टीवाली: घ्या. पण घरच्यांचं आधी बघा. थांबा, फोन लावते... कोण, तूच का? बाळाला घेऊन इस्पितळात ये, सुनेला पण आण. आत्ता. नाही रे, मला काही झालं नाही. तुझ्या बापाला टीबी होता... ओरडू नकोस, मला ऐकू येतं... दुकानाचं दुकान बघेल. गिऱ्हाइकाने विचारलं तर खरं सांग. आणि हे बघ, कोठीतल्या खिळ्याचा पेला तसाच राहू दे. येतोस ना?

डॉक्टर: येतायत?

भट्टीवाली: येतील. कुरकुरतोय. बापावर गेलाय. तोवर माझा फोटो काढा.

डॉक्टर: चला. हनुवटी इथे टेकवा. हात कमरेवर, खांदे पुढे. 

भट्टीवाली: गार आहे हो पाटी. आणि ते यंत्र नको बोलायला. तुम्ही तोंडाने सांगा.

डॉक्टर: या यंत्राला आवाजच नाही. मीच सांगते. श्वास घ्या. भरून घ्या. धरा... झालं. सोडा. मावशी, सोडा श्वास.

भट्टीवाली: सोडते. कळणार कधी?

डॉक्टर: फोटो आत्ता बघते. थुंकी तपासायला देऊ, तिचं उद्या कळेल. तोवर मास्क लावा, खिडक्या उघड्या ठेवा, आणि बाळापासून जरा लांब झोपा.

भट्टीवाली: म्हणजे पोत्यांवर.

डॉक्टर: पोती कशाला? दुसरी खोली चालेल.

भट्टीवाली: आमची दुसरी खोली म्हणजे ती कोठीच. झोपेन पोत्यांवर. पण घरात सांगून झोपेन.