विचाराधीन बैलगाडी

‘अंडर कन्सिडरेशन’चा नेमका अर्थ काय, हे बी.ए. होऊनही मला अजून खात्रीने सांगता येत नाही. चाळीस सालाच्या आसपास मी नंदुरबारला मामलेदार कचेरीत कारकून होतो. रनाळ्याच्या भिका आप्पांना सरकारी पडिकातून आपल्या मिरचीला पाण्याचा पाट न्यायचा होता. रोपं सुकत चालली होती. ते परवानगीचं विचारायला आले की साहेबांच्या हुकमाने मी म्हणायचो, “अंडर कन्सिडरेशन आहे, आप्पा. विचार चालू आहे.”

पुढे साहेबांचा मुक्काम रनाळ्यालाच पडला. निघताना तंबू न्यायला बैलगाडी हवी होती, आणि साहेबांना गाडी देणं गावाला भागच असे. चावडीपुढे एका गाडीला टेकून आप्पा बसले होते.

“गाडी जुंप,” साहेब म्हणाले.

“अंडर कन्सिडरेशन शे, सायेब.”

जमलेलं गाव खो खो हसलं. साहेब माझ्यावर उखडले, “याचा अर्थ काय, ते सांगा त्याला!”

 अर्थ ‘नाही’ असा सांगावा, तर कचेरीची अब्रू जाणार. कचेरीत सांगतो तोच सांगावा, तर तंबू इथेच राहणार. मी चाचरत म्हणालो, “साहेब... विचार चालू आहे.”

“कुठपर्यंत?”

आप्पाच बोलले, “मन्ही मिरचीले पाणी भेटत नही तवलोंग.”

अर्ज माझ्या दप्तरात होताच. साहेबांनी दातओठ खात त्यावर सही ठोकली. “आता जुंप!”

आप्पांनी कागदाची घडी टोपीत खोचली.

“गाडी मन्ही नही शे, सायेब. मी ते सावलीले बठेल व्हतू.”