फोटोतली डोकी अधिक एक

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय तोताराम आबा, अमळनेरहून वेळात वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या प्राध्यापक पुनमताई, आजचे सत्कारमूर्ती कय्युमभाई, त्यांच्या शेजारी बसलेल्या रहिमाबी भाभी, धुळ्याहून आलेले त्यांचे चिरंजीव तौसिफ, सातमाळा सायकल मंडळाचे सर्व सभासद आणि बंधू-भगिनींनो,

मला भाषणाची सवय नाही. आमच्या कापड दुकानात गिऱ्हाईक बोलतं आणि मी थान उलगडतो. म्हणून लिहून आणलं आहे. कागदावरून वाचतो, त्याचा राग मानू नये.

कय्युमभाई जळगाव सोडून मुलाकडे धुळ्याला जात आहेत. मंडळ सुरू झालं तेव्हापासून नऊ वर्षं ते आमच्या राइडमध्ये सगळ्यात मागे राहिले. ज्यांना मंडळाची पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुढे कोणीही जावं, पण सगळ्यात मागे कय्युमभाई. पंप, चेन जोडायचं सामान, पाण्याच्या दोन जादा बाटल्या त्यांच्याकडे. आपल्यातले निम्मे लोक त्यांच्या दुकानात पंक्चर काढायला गेले आणि मंडळाचे सभासद होऊन बाहेर आले. मी त्यातलाच. पहिल्या दिवशी नेरीच्या चढावर मी गियर बदलायला घाबरत होतो. मागून आवाज आला, "अभयभाऊ, गियर टाका. नमस्कार करून तो स्वतः पडणार नाही."

माझी पत्नी चेलना माझ्यानंतर वर्षभराने यायला लागली. तेव्हा ती शेहेचाळीस वर्षांची होती. आधी पहूरपर्यंत, मग शेंदुर्णीच्या जुन्या मंदिरापर्यंत, मग अजिंठ्याच्या घाटात. ती हळू चालवायची आणि बरंच बघायची. फर्दापूरच्या जुन्या सराईच्या दरवाजाखाली ती प्रत्येक वेळी उतरायची, भिंतीला हात लावायची आणि मग निघायची. मी विचारलं नाही कशासाठी. विचारायला हवं होतं.

मंडळात माझ्याकडे एक काम होतं, माणसं मोजण्याचं. प्रत्येक थांब्यावर फोटो काढायचा, फोटो ग्रुपवर टाकायचा आणि फोटोवरूनच माणसं मोजायची. फोटो काढणारा फोटोत नसतो, म्हणून फोटोतली डोकी अधिक एक. हा हिशोब मीच बसवला होता. चेलना विधीताईंना म्हणायची, "दुकानात हे मीटर मोजतात, रस्त्यावर माणसं. घरी मात्र पोळी कितवी ते यांना सांगता येत नाही." विधीताई इथे बसल्या आहेत. त्यांना आठवत असेल.

गेल्या वर्षी जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी आपण वेताळवाडीच्या किल्ल्याला गेलो. जळगाव, पहूर, शेंदुर्णी, सोयगाव, मग हळद्याचा घाट. किल्ल्याचा दरवाजा घाटाच्या वरच्या अंगाला आहे. आपण सतरा जण होतो. घाटाच्या पायथ्याशी आपला तरुण सभासद नवीन याच्या सायकलची चेन तुटली आणि कय्युमभाई त्याच्यासाठी थांबले. चेलना त्या दोघांना ओलांडून पुढे गेली. कय्युमभाईंनी तिला विचारलं, "भाभी, पाणी आहे ना?" ती म्हणाली, "आहे. तुम्ही नवीनला पाजा, तो रडायला आलाय." नवीनने मला हे नंतर सांगितलं.

म्हणजे वर पंधरा जण असायला हवे होते.

वर दरवाजासमोर मी म्हणालो, आपल्या एकाही फोटोत सगळे नसतात, आज सगळे येऊ द्या. हळद्याचे वना भाऊ तिथे शेळ्या चारत होते. त्यांच्या हातात मी मोबाइल दिला. ते म्हणाले, "बोट कुठे ठेवू ते दाखवा. मी म्हशीचाही फोटो काढला नाही कधी." सगळे हसले. त्यांनी फोटो काढला. मी डोकी मोजली. चौदा. सवयीने एक मिळवला. पंधरा.

फोटो काढणारे वना भाऊ होते. ते आपल्यातले नव्हते.

मी कय्युमभाईंना फोन लावला. माझे शब्द मला पाठ आहेत. "कय्युमभाई, पंधरा वर आहेत, सगळे आले. तुम्ही घाट चढू नका. नवीनला सोयगावला नेऊन दुसरी चेन बसवा. आम्ही उंडणगाव, अजिंठा करून फर्दापूरला उतरतो." त्यांनी विचारलं, "सगळे नक्की?" मी म्हणालो, "मोजले."

ते मागे फिरले. आम्ही पुढे गेलो. मला वाटलं चेलना विधीताईंबरोबर आहे. विधीताईंना वाटलं माझ्याबरोबर आहे. रस्ता चांगला होता. दोन्ही बाजूंना कपाशी वेचून झाली होती. वारा पाठीमागून होता. मला त्या दिवशी सायकल चालवायला बरं वाटत होतं. हे सांगायला अवघड जातं, पण खरं आहे.

साडेबाराला आम्ही फर्दापूरला असताना मला सोयगावच्या दवाखान्यातून फोन आला. "चेलना तुमच्या कोण?" मी म्हणालो, "माझी पत्नी. ती इथेच आहे." मग मी मागे वळून बघितलं. मग मोबाइल काढून तो फोटो पुन्हा बघितला. या वेळी चेहरे बघितले.

ती घाटातल्या एका वळणावर कठड्याच्या सावलीत बसलेली होती. सायकल नीट टेकवून ठेवली होती. वना भाऊ शेळ्या घेऊन उतरताना त्यांना ती दिसली. ते मला म्हणाले, "मले वाटनं, बाई दम खाई राहिनी." मग त्यांनी जीप थांबवली. हृदयाचा झटका होता. मी डॉक्टरांना विचारलं, तासभर आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, आता त्याचा विचार करू नका. त्याचा अर्थ मला कळला.

त्या पूर्ण वेळात कय्युमभाई तिच्यापासून पाच-सहा किलोमीटरवर होते. माझा फोन गेला नसता, तर ते नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या मागून तो घाट चढले असते आणि ते वळण त्यांच्या वाटेतच होतं.

आता मी जे सांगणार आहे, ते सांगायला मला चौदा महिने लागले.

गावात बोललं गेलं की कय्युमने बाईला घाटात सोडलं. त्यांच्या दुकानात जाऊन लोकांनी त्यांना तोंडावर विचारलं. काहींनी तिथे जाणं बंद केलं. आपल्या मंडळाची बैठक झाली. इतिवृत्तात लिहिलं गेलं की मागे राहणाऱ्या सभासदाने घाटात कोणी उरले आहे का याची खात्री केली नाही. त्या पानावर माझी सही आहे. नवरा म्हणून सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते. बायको बरोबर नाही हे तुमच्या कसं लक्षात आलं नाही, असं मला एकानेही विचारलं नाही. मी वाट बघत होतो. विचारलं असतं तर कदाचित सांगितलं असतं.

चेलना गेल्यावर उठावण्याच्या शोकबैठकीला कय्युमभाई आले आणि मागे चपलांजवळ बसले. लोक उठल्यावर मी त्यांच्यापाशी गेलो. म्हणालो, "कय्युमभाई, तो फोन..."

ते म्हणाले, "कौनसा फोन? अभयभाऊ, तुम्ही सकाळपासून काही खाल्लं का?"

त्यांनी मला एक वाट काढून दिली आणि मी त्या वाटेने निघून गेलो. नवीनला फोन ऐकू आला होता. त्याला त्यांनीच गप्प बसवलं. "सेठचं घर मोडलंय, त्यात अजून काय मोडायचं," असं ते म्हणाले. हे नवीनने मला मागच्या आठवड्यात सांगितलं. या समारंभाची पत्रिका द्यायला तो घरी आला होता. पत्रिका टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "काका, आता ते चाललेत. आता तरी."

सूत्रसंचालकांनी मघाशी सांगितलं की गुडघ्यांमुळे कय्युमभाईंनी राइड सोडली आणि मुलाच्या आग्रहामुळे गाव सोडत आहेत. सूत्रसंचालकांचा दोष नाही, त्यांना तसंच सांगितलं गेलं. पण तौसिफ, तू मुलगा आहेस, तुला खरं माहीत असायला हवं. तुझे वडील कोणाला मागे सोडून गेले नाहीत. त्यांना मी परत पाठवलं. मोजणी माझी होती. चूक माझी होती. आणि नंतर गप्प बसणं, ते तर चुकून घडलेलं नव्हतं.

आदरणीय आबा, अध्यक्ष म्हणून आपल्याला माझी एक विनंती आहे. इतिवृत्ताची वही मी कपाटातून काढून आपल्यासमोर टेबलावर ठेवली आहे. ते पान आज दुरुस्त व्हावं. काय घडलं ते मी दुसऱ्या कागदावर लिहून सही करून आणलं आहे. ते या सभागृहात मोठ्याने वाचावं, वहीत लावावं आणि मग सत्कार व्हावा. शाल माझ्या हस्ते द्यायची असं कार्यक्रमपत्रिकेत छापलं आहे. ती पुनमताईंनी द्यावी. कय्युमभाईंना माझ्यासमोर मान वाकवायला लागू नये.

बोलायची संधी दिल्याबद्दल मंडळाचे, अध्यक्षांचे आणि पाहुण्यांचे मी आभार मानतो. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, त्याबद्दलही आभारी आहे. माझ्या बोलण्यात कोणाचं नाव राहिलं असेल, कोणाला कमी-जास्त लागलं असेल, तर सभागृहाने मोठ्या मनाने सांभाळून घ्यावं.

बाकीची माफी मी सभागृहाकडे मागत नाही. ती द्यायची की नाही, हे कय्युमभाईंनी धुळ्याला गेल्यावर सवडीने ठरवावं. आज, सगळ्यांसमोर, काहीच बोलू नये. चारचौघांत ते हो म्हणतील, हे मला माहीत आहे. मी पुढच्या महिन्यात घरी येऊन विचारीन. तेव्हा मात्र, कय्युमभाई, मला जेवलात का असं विचारू नका.